योकोझुनाचं वजन

आमच्या वर्गात ज्याच्याकडे योकोझुनाचा पत्ता असायचा, त्याला डोकं चालवावं लागत नसे. आपली पाळी आली की नुसतं "वजन" म्हणायचं आणि समोरच्याचा पत्ता ओढून घ्यायचा. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या पैलवानांच्या त्या पत्त्यांवर उंची, छाती, दंड, किती लढती केल्या, किती जिंकल्या असे बरेच रकाने असत. अंडरटेकरच्या पत्त्यावरचे आकडे मला आजही अर्धेमुर्धे आठवतात. योकोझुनाच्या पत्त्यावरचा वजनाचा रकाना सोडला तर दुसरा एकही आठवत नाही. कधी वाचलाच नव्हता. गरजच पडली नाही.

गावात नुकतीच केबल आली होती आणि आमच्या घरात टीव्ही आजोबांच्या पलंगासमोर होता. आजोबा तरुणपणी तालमीतले. एक कान मोडलेला, चालताना अजून छाती पुढे. आमच्याबरोबर ते सगळं बघत आणि दर पाच मिनिटांनी "नुरा आहे, नुरा" म्हणत. आतून ठरवलेली कुस्ती ती नुरा. त्यांच्या पिढीला हा प्रकार नवा नव्हता. दारासिंग आणि किंगकाँगच्या 'फ्रीस्टाइल'ची वर्णनं त्यांनी मुंबईहून येणाऱ्यांकडून ऐकली होती. (त्या शब्दाचं आपल्याकडे पुढे काय झालं ते रोज पेपरात दिसतं. ग्रामसभेत दोन गटांत फ्रीस्टाइल, बाजार समितीत फ्रीस्टाइल.) निकाली कुस्ती सोडून बाकी सगळं आजोबांच्या लेखी एकाच खात्यात जमा. फक्त योकोझुना आला की ते गप्प होत. एकदा म्हणाले, "नुरा का असेना, एवढा देह घेऊन रोज पडायचं म्हणजे खायचं काम नाही."

मध्ये तीसेक वर्षं गेली. परवा सुट्टीला भाचा आला होता. वय बारा. पैलवान रोमन रेन्सचा भक्त. टीव्हीवर रोमन आला की हा हॉलमध्ये उभा राहून एक बोट आकाशाकडे करतो आणि आम्ही सगळ्यांनी त्याला मान्यता द्यावी अशी अपेक्षा ठेवतो. त्याने मला फोनवर रोमनच्या घराण्याचा वंशवृक्ष दाखवला. पैलवानच पैलवान. भाऊ, चुलते, भाचे, जावई. एका फांदीवर ओळखीचा चेहरा दिसला. डोक्यावर केसांचा बुचडा, अंगावर सुमोचा पट्टा. योकोझुना.

"मामा, हा तर जपानी आहे ना? मग ह्यांच्यात कसा?"

मलाही कित्येक वर्षं तो जपानीच वाटत होता. तो जपानी नव्हता हे कळलं तेव्हा तो गेल्याचंही त्याच ओळीत कळलं. लिव्हरपूलमधल्या एका हॉटेलच्या खोलीत, २३ ऑक्टोबर २००० रोजी. वय ३४.

खरं नाव रॉडनी अगातुपु अनोआई. जन्म २ ऑक्टोबर १९६६, सॅन फ्रान्सिस्को.

सामोआ हा पॅसिफिकमधला बेटांचा पुंजका दोन देशांत वाटला गेलाय. पश्चिमेचा भाग १९६२ साली न्यूझीलंडकडून स्वतंत्र झाला. पूर्वेचा भाग आजही अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथे अमेरिकन आरमाराचा तळ होता. १९५१ मध्ये आरमाराने गाशा गुंडाळला तशा नोकऱ्याही गेल्या, आणि घरंच्या घरं हवाई, कॅलिफोर्नियाकडे निघाली. चाकरमानी मुंबईला निघावा तशी. अनोआई कुटुंबही अशाच ओघात सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. घरातला कर्ता पुरुष पाद्री होता. त्याची मुलं अफा आणि सिका ही घराण्यातली कुस्तीची पहिली मोठी जोडी, आणि रॉडनी त्यांचा पुतण्या.

सामोअन भाषेत कुटुंबाला 'आयगा' म्हणतात. त्यात सख्खे, चुलत, मावस आणि मानलेले सगळे येतात. पाद्रीबाबांचा मानलेला भाऊ पीटर मायव्हिया. कमरेपासून गुडघ्यापर्यंत पारंपरिक गोंदण घेतलेला हा पैलवान पुढे एका जेम्स बाँडपटात शॉन कॉनरीशी झोंबलासुद्धा. त्याचा नातू ड्वेन जॉन्सन, म्हणजे द रॉक. रक्ताचं नातं नसताना रॉक आणि रोमन एकमेकांना भाऊ कसे म्हणतात, यावर अमेरिकन चाहते अजून वाद घालतात. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मानलेल्या भावाच्या घरी लग्नात आहेर घेऊन सगळ्यात आधी पोचणारी माणसं आपणच.

मला मात्र इथे 'घराणं' हा शब्द गाण्यातल्या अर्थाने जास्त पटतो. अफाने पेनसिल्व्हेनियात कुस्तीची शाळा काढली. घरातली पोरं तिथे पडायला शिकली. होय, आधी पडायलाच. रिंगमध्ये वर कॅनव्हास, खाली पातळसा फोम, त्याखाली फळ्या आणि त्याखाली लोखंड. आपल्या हौद्यात तेल, ताक, हळद घालून माती मऊ केलेली असते, ती अंगाला घेते. ही फळी घेत नाही. पाठ सपाट टेकवायची, हनुवटी छातीला लावायची, हात बाजूला आपटून धक्का पसरवायचा. रॉडनीने हे सगळं काकांकडून घेतलं. वस्ताद घरातलाच असला की शिकवणी कधी संपते आणि जेवण कधी सुरू होतं, ते कळत नाही.

पण या घराण्याला अमेरिकन रिंगमध्ये जागा मिळाली ती एका अटीवर. अफा आणि सिका 'वाइल्ड सामोअन्स' म्हणून यायचे. केस पिंजारलेले, पाय अनवाणी. इंग्रजी येत नाही असं दाखवायचं. गुरगुरायचं, कॅमेऱ्यासमोर कच्चा मासा खायचा. अफा त्याआधी अमेरिकेच्या मरीन दलात नोकरी करून आला होता, त्याला इंग्रजी येत नाही म्हणजे कमालच. मुलाखत आली की त्यांच्या वतीने मॅनेजर लू अल्बानो बोलायचा. तीनदा त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचा जोडीचा किताब जिंकला. पुढच्या पिढीत अफाचा मुलगा सामू आणि भाचा फाटू 'हेडश्रिंकर्स' म्हणून आले, त्यांच्याही हातात कच्चं मांसच. रिंगमध्ये तर एक अलिखित नियमच होता की सामोअन माणसाचं डोकं फुटत नाही. खांबावर आपटा, खुर्ची घाला, त्याला काही होत नाही. उलट आपटणाऱ्यालाच लागतं. लहानपणी आम्ही या नियमावर हसून लोळायचो. आता तो आठवला की हसू अर्ध्यावर येऊन थांबतं.

रॉडनी आधी 'कोकिना' नावाने फिरला. मेक्सिकोत चुलत भावांबरोबर, जपानमध्ये, मग अमेरिकेतल्या एका जुन्या कंपनीत. १९९२ च्या शरदात तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला. तिथे सामोअन रानटी जोडी आधीच हजर होती. मग याला काय करायचं? याला जपानी केलं.

त्याच वर्षी खुद्द जपानमध्ये काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे. 'योकोझुना' ही सुमोतली सर्वोच्च पदवी. शेकडो वर्षांत ती एकाही परदेशी माणसाला मिळाली नव्हती. तिच्या एक पायरी खाली 'ओझेकी'. १९८७ मध्ये त्या पायरीवर पहिला परदेशी माणूस पोचला. कोनिशिकी त्याचं सुमोतलं नाव, हवाईत वाढलेला, आईबाप सामोअन. नोव्हेंबर १९९१ आणि मार्च १९९२ अशा दोन स्पर्धा त्याने पाच महिन्यांच्या आत मारल्या. एखादा जपानी असता तर बढती झाली असती, असं म्हणणारे तेव्हा खूप होते. बढती झाली नाही. पदवी देण्याआधी सल्ला देणारी एक समिती असते. तिथून सूर निघाला तो 'हिनकाकु'चा. या शब्दाला मराठीत 'आब' म्हणता येईल. योकोझुनाला नुसती ताकद पुरत नाही, आब लागतो, आणि परदेशी माणसात तो कुठून येणार? कोनिशिकी शेवटपर्यंत योकोझुना झालाच नाही.

म्हणजे टोकियोत एका सामोअन माणसाला योकोझुना होऊ दिलं नाही, आणि काही महिन्यांत अमेरिकेत दुसऱ्या सामोअन माणसाला बारसं करावं तसं ते नाव ठेवून टाकलं. पदवी मिळवायला तिकडे आयुष्य जातं, इकडे शिंप्याकडे माप दिलं की झालं. जानेवारी १९९३ मध्ये रॉडनीने तीस जणांची रॉयल रंबल जिंकली, आणि त्याच आठवड्यात हवाईचा आकेबोनो सुमोतला पहिला परदेशी योकोझुना ठरला. मुसाशिमारु या सामोआत जन्मलेल्या मल्लाला ती पदवी मिळायला १९९९ उजाडावं लागलं.

रॉडनीच्या पुढे एक बुटका गृहस्थ चालायचा. अंगावर किमोनो, हातात जपानी झेंडा. मिस्टर फुजी. हाही अमेरिकनच, जन्म होनोलुलूचा, नाव हॅरी फुजिवारा. आजोळ-पणजोळ जपानी असेल, पण माणूस अमेरिकेचा. तर असे हे दोन अमेरिकन नागरिक झेंडा फडकवत रिंगकडे येत आणि वीस हजार अमेरिकन नागरिक उभे राहून "यू-एस-ए" ओरडत.

त्या ओरडण्याला कारण होतं. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली. त्याच वर्षी मित्सुबिशीच्या कंपनीने न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा घेतला. डेट्रॉइटच्या मोटारी पडून होत्या आणि टोयोटा खपत होत्या. जपान आपल्याला विकत घेणार, ही धास्ती अमेरिकेत घरोघर होती. कुस्तीचा धंदा अशा धास्तीवर चालतो. रशियाची भीती होती तेव्हा रशियन पैलवान होते, इराणची होती तेव्हा इराणी. आता जपानी हवा होता, तोही शक्य तितका अवाढव्य. भीतीला एक अंग लागतं. ते रॉडनीकडे होतं.

मला त्या सगळ्या तमाशात मिठाची गोष्ट फार लागते. सुमोचा मल्ल कुस्तीआधी ओंजळभर मीठ रिंगणात उधळतो. जागा शुद्ध करायला, शिंतो विधीतलं आहे ते. आपल्याकडे मातीला नमस्कार करून कपाळाला लावतात, तसलाच भाव. डब्ल्यूडब्ल्यूएफने मिठाची बादली आणली, रॉडनीने पहिल्या दिवसांत मोठ्या गंभीरपणे ते उधळलंही. मग ४ एप्रिल १९९३ आला. लास वेगासच्या सीझर्स पॅलेसच्या अंगणात, उघड्यावर, कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, रेसलमेनिया. निवेदक जुन्या रोमचे झगे घालून बसलेले. समोर चॅम्पियन ब्रेट हार्ट. आणि फुजीने तेच मीठ मूठभर घेऊन ब्रेटच्या डोळ्यांत फेकलं. योकोझुना जिंकला. डब्ल्यूडब्ल्यूएफचा मुख्य किताब जिंकणारा पहिला सामोअन वंशाचा माणूस तो, पण त्या दिवशी हे कुणी मोठ्याने म्हटल्याचं मला क्लिपमध्ये ऐकू आलं नाही. कसं म्हणणार? तो तर जपानी होता.

पुढचं तर हसावं की रडावं असं. कंपनीचा लाडका पैलवान हल्क होगन ब्रेटची विचारपूस करायला आला, फुजीने त्यालाच आव्हान दिलं, पुन्हा मीठ फेकलं, ते या वेळी रॉडनीच्याच डोळ्यांत गेलं. बावीस सेकंदांत होगन चॅम्पियन. ब्रेटला हरवायला रॉडनीने जी मेहनत घेतली, तिची किंमत बावीस सेकंद. माझ्या लहानपणी मी यावर टाळ्या पिटल्या होत्या. होगनच्या पत्त्यावर कसला आकडा मोठा होता, ते आता आठवत नाही.

जूनमध्ये परतफेड झाली. ओहायोतल्या डेटनला एका 'जपानी' फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातून होगनच्या तोंडावर भडका उडाला, रॉडनीने होगनचाच पाय टाकायचा डाव होगनवर टाकला आणि किताब परत घेतला. होगन त्यानंतर लवकरच कंपनी सोडून गेला. या वेळी रॉडनीने किताब २८० दिवस सांभाळला.

आणि मग ४ जुलै. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उभी असलेली 'इंट्रेपिड' ही विमानवाहू नौका. आता ती संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या आत्मघाती विमानांनी हिच्यावर धडका दिल्या होत्या. त्याच डेकवर रिंग लावली आणि दवंडी पिटली, की या जपान्याला उचलून आपटणारा कुणी आहे का? पैलवान आले, फुटबॉलपटू आले, कुणाला हलेना. शेवटी हेलिकॉप्टरमधून लेक्स लुगर उतरला, झेंड्याच्या रंगाचा शर्ट घालून, आणि त्याने आपटला. खरं बघता ते आपटणं कमी आणि कलंडणं जास्त होतं. पण ते कलंडणं कुणी केलं? लुगरने एकट्याने २५० किलोच्या आसपासचं धूड उचललं का? उचलून घेणाऱ्याने साथ दिल्याशिवाय रिंगमध्ये कुणी उचललं जात नाही. योग्य क्षणी पायांत उडी घ्यावी लागते, वजन उचलणाऱ्याच्या खांद्याकडे सरकवावं लागतं. त्या दिवशी जो जयजयकार लुगरचा झाला, त्याचं अर्धं काम खाली पडलेल्या माणसाने केलं होतं. नुऱ्यातला हा हिशेब आजोबांना ठाऊक असावा. म्हणूनच ते गप्प बसत.

भाच्याबरोबर मी आता त्या क्लिपा थांबवून थांबवून बघितल्या. रॉडनीचा ठेवणीतला डाव 'बान्झाय ड्रॉप'. पडलेल्या गड्याला कोपऱ्यात ओढायचं, दुसऱ्या दोरावर चढायचं आणि त्याच्या छातीवर बसायचं. नाव पुन्हा जपानी. लहानपणी वाटायचं, संपला तो माणूस. आता दिसतं की दोन्ही हात दोर धरून आहेत, पाय आधी टेकतात, भार मांड्यांवर येतो आणि खालच्याच्या अंगावर उरतो तो शेवटचा थोडासा. अडीचशे किलोच्या माणसाला हे रोज रात्री, वेगळ्या गावात, न चुकता करायचं. चुकलं तर समोरच्याच्या फासळ्या. त्याचा उजवा पाय डोक्याइतका वर जायचा, तोही मी आता पाहिला. एवढ्या देहाचा माणूस इतक्या हलक्या पायाचा असतो, हे पत्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसलं नसतं.

मार्च १९९४ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला ब्रेटने किताब परत घेतला. कसा? रॉडनी दोरावर चढला आणि तोल जाऊन मागे कोसळला. ठरलेलंच होतं ते. पण तिथून त्याच्या गोष्टीला उतार लागला असं मला वाटतं, कारण यापुढे त्याचं वजन हाच विनोद व्हायला लागला.

सुरुवातीला कंपनी त्याला ५०५ पौंडांचा म्हणून पुकारायची, म्हणजे सुमारे २३० किलो. मग आकडा चढत गेला. पुकारण्यात थोडं फुगवणं असतंच, पण इथे शरीर पुकाऱ्याच्या मागोमाग धावत होतं. आकडा मोठा तर नाव मोठं, नाव मोठं तर तिकिटं. आमच्या पत्त्यांचं शास्त्र यापेक्षा वेगळं कुठे होतं? आम्हीही "वजन" म्हणूनच त्याला खेळवला.

तालमीच्या आसपास वाढलेल्याला यातली मेख माहीत असते. खुराक आणि मेहनत यांची जोडी असते. हजार जोर मारणाऱ्याला दूध, तूप, बदाम पचतात. तालीम सुटते, मेहनत थांबते, पण भूक कुठे थांबते? आमच्या गावात असे दोन पैलवान होते. चाळिशीत जिना चढताना कठडा धरायचे. लोक तरी "काय पैलवान!" म्हणून आदराने वाट देत, आणि त्या आदरासाठी ते परत दुसरं ताट मागत.

सामोआच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. डबाबंद खाणं तिकडे वसाहतींबरोबर आलं. डबाबंद गोमांसाला तिथे 'पिसुपो' म्हणतात. इंग्रजी 'पी सूप'चा तो अपभ्रंश, कारण पहिले डबे वाटाण्याच्या सूपचे आले होते. आज लग्न असो की मयत, पिसुपो हवाच. २०१६ साली संशोधकांना सामोअन लोकांत एक जनुकीय फरक सापडला. ज्यांच्यात तो असतो, त्यांच्या अंगावर चरबी जास्त साठते, पण गंमत म्हणजे त्यांना मधुमेह कमी होतो. पॅसिफिकमध्ये होड्यांतून महिनोन्‌महिने जाणाऱ्या पूर्वजांना हे देणं असेल कदाचित. मी त्यातला जाणकार नाही. पण "खाऊन खाऊन मेला" असं कुणी रॉडनीबद्दल सहज बोललं की मला तो हिशेब पुरा वाटत नाही. त्याच्या ताटात काकांचा धंदा होता, कंपनीचा पुकारा होता, आणि आम्हा पोरांचे पत्तेसुद्धा होते.

कंपनीने शेवटी त्याला वजन उतरव म्हणून सांगितलं. ज्या आकड्यावर त्याला विकला, तोच आकडा आता त्यांना जड झाला. तो उतरला नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये समरस्लॅमच्या मुख्य कार्यक्रमाआधीच्या एका लढतीत त्याच्यासमोर स्टीव्ह ऑस्टिन होता. वर्षा-दोन वर्षांत हा ऑस्टिन धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस होणार होता. रॉडनी बान्झाय ड्रॉपसाठी दोरावर चढला आणि दोर तुटला. लोक हसले. तुटण्यासाठीच बांधला होता तो. काही महिन्यांत डब्ल्यूडब्ल्यूएफमधलं त्याचं काम संपलं.

पुढची चार वर्षं छोट्या छोट्या ठिकाणची. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये मिसिसिपीतल्या एका कसिनोत जुन्या पैलवानांचा मेळावा भरला, त्यात तो दिसतो. भोवती चाळिशीपुढचे, गुडघे गेलेले लोक. याचं वय तेहतीस. वर्षभराने इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना लिव्हरपूलला फुप्फुसांत पाणी भरून तो गेला. तेव्हाचं वजन ५८० पौंड नोंदवलं गेलं. मरणाच्या बातमीतही पहिला आकडा तोच होता. २०१२ मध्ये त्याला कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मानपत्र स्वीकारायला तो नव्हता.

या घराण्यात लवकर गेलेल्यांची रांग मोठी आहे. २००० च्याच जानेवारीत अफाचा जावई गॅरी ऑल्ब्राइट पेनसिल्व्हेनियात रिंगमध्येच कोसळला, वय ३६. २००९ मध्ये रॉडनीचा आतेभाऊ एडी फाटू गेला, वय तेही ३६. तो 'उमागा' म्हणून यायचा. तोंडावर रंग, इंग्रजी येत नाही, मॅनेजर बोलणार, म्हणजे पुन्हा अफा-सिकाचाच साचा, पंचवीसेक वर्षांनी. २००७ च्या रेसलमेनियात तो कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहनच्या बाजूने लढला आणि समोरचा पैलवान डोनाल्ड ट्रम्पच्या बाजूने. उमागाच्या भावाने तर 'रिकिशी' हे नाव घेतलं. तेही जपानीच, रिकिशी म्हणजे सुमोचा मल्ल. घरातल्या दोघांना सुमोचे कपडे चढवले आणि दोघांचाही सुमोशी संबंध तेवढाच.

आज रोमन रेन्सच्या गळ्यात लाल 'उला फाला' असते, केवड्याच्या जातीच्या झाडाच्या फळांची सरदारकीची माळ. २०२० मध्ये अफा आणि सिकाने ती त्याला घातली. मला तो प्रसंग बघताना भरून आलं, खोटं कशाला बोलू. ज्या दोघांना आयुष्यभर कच्चा मासा खायला लावला, ते म्हातारपणी सरदारांच्या मानाने उभे होते. दोघंही २०२४ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने गेले. रोमनला 'सामोअन' लपवावं लागत नाही, तोच त्याचा धंदा आहे. त्याने किताब १३१६ दिवस ठेवला आणि त्याआधी रक्ताच्या कर्करोगालाही दुसऱ्यांदा मागे लोटलं होतं.

तरी माझं मन पूर्ण मानत नाही. सामोआत घराच्या सरदाराला 'मताई' म्हणतात, आणि तिथली म्हण अशी आहे की सत्तेकडे जाणारी वाट सेवेतून जाते. आधी वडीलधाऱ्यांचं पाणी भरायचं, मग कुटुंब तुम्हाला मताई नेमतं. रोमनचं पात्र भावांच्या मानगुटीवर पाय देऊन म्हणतं, मला माना. हे सामोअन कमी आणि हिंदी सिनेमातल्या ठाकूरसाहेबांसारखं जास्त. कपडे आता घरचे आहेत, बोल अजून लेखकाचे. पण ठाकूरसाहेब होणं हे कच्चा मासा खाण्यापेक्षा बरंच म्हणायचं.

हे सगळंच काही मी भाच्याला सांगितलं नाही. त्याने "जपानी आहे ना?" विचारलं, मी "नाही, सॅन फ्रान्सिस्कोचा" म्हटलं. "मग झेंडा का जपानचा?" यावर मी जे सुरू झालो ते ताटं वाढून झाल्यावर बहिणीने दोनदा हाक मारेपर्यंत. जेवताना एक क्लिप मात्र आम्ही बघितली. एप्रिल १९९५, रेसलमेनिया, हार्टफर्ड. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट जोडीच्या किताबासाठी उतरलाय. जोडीदार कोण, ते शेवटपर्यंत गुपित. आणि पडद्यामागून निघतो योकोझुना. एक चुणचुणीत, चिडका, सतत बडबडणारा कॅनडाचा पोरगा, आणि मागे हा पहाड. शोभत नाहीत एकमेकांना, म्हणूनच बघत राहावं. दोघं जिंकतात. ओवेन पट्टा मिरवत नाचतो.

"हा बारका कोण?"

मी सांगितलं. हाही १९९९ मध्ये गेला, कॅन्सस सिटीत, छतावरून दोराने खाली उतरण्याच्या खेळात कळ सुटून. भाच्याने वय विचारलं. चौतीस.

"आणि हा?"

"तोही चौतीस."

त्याने घास तोंडात तसाच धरून थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग पुढची क्लिप आपोआप सुरू झाली, रोमनचं संगीत वाजलं, आणि त्याने डावं बोट वर केलं, कारण उजव्या हाताला वरण लागलं होतं.